नववी ओळ

कुसाबाईच्या घरात काही तुटत नसे, विझत नसे आणि संपतही नसे. दिवा शांत होई, बांगडी वाढे, तांदळाचा डबा रिकामा झाला तर तांदूळही वाढत. येवल्याच्या त्या घरात हातमागावर रेशमाची तार तुटली तरी तार ‘वाढली’ म्हणायचं. नवरा भिमाजी पैठणी विणणारा, त्यामुळे दिवसातून पंधरा-वीस वेळा काही ना काही वाढतच असे. वास्तू तथास्तु म्हणते, असं तिचं साधं गणित. वास्तुपुरुषाला एकच शब्द येतो आणि तो दिवसभर तोच म्हणत बसतो, तेव्हा आपण तोंड सांभाळावं. भिमाजी बाहेर निघताना चुकून ‘जातो’ म्हणाला, की ती त्याला उंबऱ्यातून माघारी बोलवी, घोटभर पाणी पाजे आणि ‘येतो’ म्हणवून घेऊनच सोडे. तेहतीस वर्षं त्याने हे हसून चालवून घेतलं.

चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी भिमाजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आणि दुपारपर्यंत नुसताच बसला. आडवा धागा टाकायचा धोटा हातात तसाच. कुसाबाई जेवायला बोलवायला गेली तर सकाळपासून एक ओळ पुढे सरकलेली नव्हती. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, कुणाशी भांडणही नव्हतं. त्याने ताण सैल केला, मागावर धुतलेलं धोतर पांघरलं आणि वर येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. पदरावर दोन मोर समोरासमोर यायचे होते. एक पुरा झाला होता, दुसरा निम्माच.

नंतर जे झालं ते असल्या दुखण्यात सगळ्यांचंच होतं. आधी ‘कंटाळा आला असेल’, मग ‘दृष्ट लागली’, मग ‘पित्त’. कुसाबाईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, देवीची ओटी भरली. दोन डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. भिमाजी गोळी घ्यायचा, पाणी प्यायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. शेवटी नाशिकला दिलेल्या लेकीने, उज्वलाने, गंगापूर रोडच्या एका मानसोपचारांच्या दवाखान्यात नाव नोंदवलं. तिथे चुंबकाच्या यंत्राने उपचार करत होते.

डॉक्टरीणबाई मोठ्या समजूतदार. त्यांनी टेबलावर डोक्याचा प्लास्टिकचा नमुना ठेवून दाखवलं. कपाळामागे डाव्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, तो या आजारात मंदावतो. त्याला बाहेरूनच, चुंबकाच्या टिचक्या मारून जागं करायचं. भूल नाही, चिरफाड नाही, शॉक नाही. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, अशा तीस बैठका. “ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत, त्यातल्या साधारण निम्म्यांना यानं चांगला फरक पडतो,” बाई म्हणाल्या.

उरलेल्या निम्म्यांचं काय होतं, हे कुसाबाईने विचारलं नाही. तसं विचारणं अशुभ होतं.

लेकीच्या घरी सहा आठवडे राहायचं म्हणजे तिच्या जिवावरच आलं होतं. तिची आई तर लेकीकडचं पाणीसुद्धा पीत नसे. पण इलाज नव्हता. येवल्यात शेजारपाजारी सांगितलं, ह्यांच्या गुडघ्याचं दाखवायचंय. दोघं एस.टी.त बसली. भिमाजीने सव्वादोन तासांत खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी यंत्र चालवणाऱ्या सायलीने त्याला खुर्चीत बसवलं. चष्मा काढला, कानातली बाळी काढली, कानात बोळे घातले आणि डोक्यावर टोपी चढवून तीवर पेनाने खुणा केल्या. मग आठाच्या आकड्यासारखं जाडजूड यंत्र टाळूच्या डावीकडे टेकवलं. टक. सायली त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. यंत्र जरा सरकवलं. टक. आणखी जरा. टक, आणि भिमाजीचा अंगठा उडाला.

“हलला!” कुसाबाई ओरडलीच. “अंगठा हलला ह्यांचा!”

तोच अंगठा. धोटा ढकलणारा, तार जुळवणारा, रेशमाने घासून घासून गुळगुळीत झालेला. चौदा महिने तो चादरीवर मेल्यासारखा पडलेला तिने पाहिला होता, आणि आता तो तिच्यासमोर उडत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सायलीने समजावलं, की मावशी, ही नुसती मोजणी आहे. अंगठा कितीच्या जोरावर हलतो ते बघायचं, त्यावरून काकांना किती जोर द्यायचा ते ठरतं, आणि मग यंत्र पुढे कपाळाकडे न्यायचं. कुसाबाईने मान डोलावली आणि यातलं एक अक्षर मनावर घेतलं नाही. भिमाजी आपल्या अंगठ्याकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत होता.

मग रोजचंच झालं. चार सेकंद टकटकटक, सव्वीस सेकंद शांत. पुन्हा टकटकटक. कुसाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐके. मागाचाच आवाज म्हणा ना, फक्त कापड निघत नव्हतं.

आता कागदाचं सांगायला हवं, कारण सगळी माती तिथेच झाली.

उपचार सुरू होण्याआधी बाईंनी भिमाजीला एकट्याला आत घेऊन, दार लावून, नऊ प्रश्न विचारले होते. त्याचा आकडा आला बावीस. सत्तावीसपैकी बावीस, म्हणजे आजार फार खोल. त्यानंतर दर सोमवारी तोच नऊ ओळींचा कागद बाहेरच बाकावर मिळायचा. प्रत्येक ओळीपुढे चार चौकटी: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. गेल्या आठवड्यात असं किती वेळा वाटलं, तिथे खूण करायची. पहिल्या सोमवारी भिमाजीने कागद हातात घेतला, बघितला आणि बायकोच्या मांडीवर ठेवला. “तूच कर,” तो म्हणाला. त्या दिवसांत एवढे दोन शब्दही खूप होते.

कुसाबाई आठवी शिकलेली. अक्षर सुरेख; मागाच्या वहीत नमुन्यांची नावं तीच लिही. तिने पदराने पेन पुसलं आणि वाचू लागली. कशातच रस वाटत नाही. उदास वाटतं. झोप लागत नाही. भूक लागत नाही. आपण घरच्यांना नकोसे झालो असं वाटतं. एकेक ओळ वाचताना तिच्या अंगावर काटा येत होता. छापील कागदावर, असं ओळीने, इतकं अभद्र कुणी लिहितं का? आणि नववी ओळ: ‘यापेक्षा मेलेलं बरं, असे विचार मनात येतात.’

पेन तिथे पोचलं आणि थांबलंसुद्धा नाही. सरळ पहिल्या चौकटीत गेलं. अजिबात नाही.

तुम्ही म्हणाल, बाई अडाणी. अडाणी नव्हती. कुठली सवाष्ण आपल्या हाताने, शाईने, नवऱ्याच्या मरणापुढे ‘रोज’ म्हणून खूण करेल? मुखानं बोललं तर तथास्तु होतं, मग लिहून दिलेलं तर दस्तऐवजच झाला की. शिवाय तिच्या मनाने घेतलं होतं, की हा कागद आत यंत्रापाशी जातो. त्यावर जसं लिहावं तसं ते यंत्र घडवून आणणार. तेव्हा चांगलं लिहावं. पण एकदम सगळं चांगलं लिहिलं तर दृष्ट लागायची. म्हणून तिने बेताबेताने केलं. पहिल्या सोमवारी दोन खुणा अलीकडे, पुढच्या सोमवारी आणखी तीन. भाकरी पुरी खाल्ली? भुकेची खूण अलीकडे. एके सकाळी आपणहून केस विंचरले? चला, उदासपण ‘काही दिवस’. संसारात तिखटमीठ बेताने घालणारी बाई ती, आकडा तिने कसा सुबक उतरवत आणला.

खूण करताना भिमाजी शेजारीच बसलेला असे. त्याची नजर कागदावर असे.

मग बाई आत बोलवत. “काका, कसं वाटतंय?”

कुसाबाईने त्याला बजावून ठेवलं होतं, की डॉक्टरसमोर रडगाणं गायचं नाही, शुभ बोलायचं. भिमाजी म्हणे, “बरंय.”

“मनात काही वाईटसाईट विचार?”

तो आधी बायकोकडे बघे. मग म्हणे, “नाय.”

पंधरा बैठका झाल्या तेव्हा बाईंनी सांगितलं, आकडा बारावर आलाय, छान चाललंय, आहे तसंच पुढे चालू ठेवू. त्या संध्याकाळी कुसाबाईने उज्वलाच्या देवघरात तुपाचा दिवा लावला. उज्वलाने मात्र विचारलं, “आई, नानांना खरंच फरक वाटतोय का गं? मला तर तसेच दिसतात.”

“तुझी जीभ आवर,” कुसाबाई म्हणाली. “तिन्हीसांजेला काय बोलावं, काय नाय?”

उज्वला गप्प बसली. त्या घरात वाढलेली मुलगी, गप्प बसायला ती लहानपणीच शिकली होती.

एकोणतिसाव्या बैठकीच्या दिवशी, गुरुवारी दुपारी, भिमाजी बोलला. जेवण झाल्यावर कुसाबाई ताटं उचलत होती तेव्हा स्वतःहून बोलला, आणि तेही मागाविषयी!

“बारकूला सांग,” तो म्हणाला. बारकू त्यांच्याच गल्लीतला विणकर, त्याच्याच हाताखाली शिकलेला. “म्हणावं, तो पदर तू पुरा कर. दुसरा मोर त्याला जमंल. धोटे पण त्यालाच दे. शिसवीचा हाय ना, तो पण.”

कुसाबाईने उचललेली ताटं पुन्हा खाली ठेवली. पंधरा महिन्यांत माग हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. “अहो, तुम्हीच करा की पुरा! आता दोन दिसांनी घरीच चाललोय.”

“त्याचा हात चांगला हाय,” भिमाजी म्हणाला. मग त्याने तिच्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं, आणि म्हणाला, “तुला लय तरास झाला.”

तिला वाटलं, आभाळ ठेंगणं झालं. माणूस परत आला. मागाचं बोलला, बायकोचं बोलला, आणखी काय पाहिजे? तिने उज्वलाला पिटाळून अर्धा किलो पेढे आणवले.

शुक्रवारी तिसावी बैठक झाली. टकटक थांबली, सायलीने टोपी काढली, भिमाजीने आपली बाळी कानात घातली. आठवडा पुरा झाला म्हणून शेवटचा कागदही त्याच दिवशी कुसाबाईने भरला. आकडा आला पाच. बाईंनी दोघांना आत घेतलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर एक रेघ होती, डावीकडे उंच आणि मग पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. कुसाबाईने ती रेघ ओळखली. तिनेच तर काढली होती.

“इतका सरळ उतार क्वचित बघायला मिळतो,” बाई खुशीत म्हणाल्या. “मध्ये आकडा अडला असता ना, तर मी गोळी बदलली असती, चुंबकाची बाजू बदलून पाहिली असती. काकांना कशाचीच गरज पडली नाही.”

“म्हंजे,” कुसाबाईने पेढ्याचा खोका उघडता उघडता विचारलं, “तुम्ही त्या कागदावरून ठरवता व्हय सगळं?”

“यंत्राला मन कुठे दिसतं, मावशी? काका जे सांगतील त्यावरच आम्ही चालतो.”

कुसाबाईला सोमवारचे कागद आठवले, पण तिने खोक्याचं झाकण पुरतं उघडलं. आज वाईट आठवायचा दिवस नव्हता. तिने बाईंच्या हातावर पेढा ठेवला. “आणि काल तर काय सांगू, बाई. आपणहून मागाचं बोलले. म्हणाले, तो पदर बारकूकडून पुरा करून घे. सगळे धोटे त्याला देऊन टाक. स्वतःचा शिसवीचा धोटा, पोरीलासुद्धा कधी हात लावू दिला नाय, तो पण द्यायला निघाले. आन मला म्हणाले, तुला लय तरास झाला.”

बाईंनी पेढा तोंडाशी नेला होता. तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला.

“कधी म्हणाले?”

“काल दुपारी.”

“काका,” बाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “विणकर आपला अर्धा पदर दुसऱ्याला देतो का हो?”

“नाय देत,” भिमाजी म्हणाला.

“मग तुम्ही का दिलात?”

भिमाजी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. आणि कुसाबाईला आपल्या नवऱ्याचे कालचे शब्द पुन्हा ऐकू आले, एकेक करून, या वेळी जसे होते तसे. निघण्याआधी घर आवरणाऱ्या माणसाचे शब्द होते ते. तिच्या हातातला खोका तिरका झाला आणि दोन पेढे फरशीवर पडले.

“बाई,” ती म्हणाली, “ते कागद ह्यांनी नाय भरले. मी भरले. माझ्या मनानं.”

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, कुसाबाईला तेवढाच आधार झाला असता. त्यांनी कोरा कागद काढला. “मावशी, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा.”

“राहू द्या तिला,” भिमाजी म्हणाला. “तिलाच लिहू द्या. तिचं अक्षर चांगलं हाय.”

बाईंनी क्षणभर विचार केला आणि पेन कुसाबाईपुढे धरलं. मग त्या एकेक ओळ वाचत गेल्या. कशातच रस वाटत नाही? “रोज.” उदास? “रोज.” झोप? “नाय लागत. रोज.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तार मोजताना आकडे बोलावेत तसा बोलत होता. भूक ‘काही दिवस’ निघाली, थकवा ‘निम्म्याहून जास्त दिवस’. आपण घरच्यांना नकोसे झालो असं वाटतं? “मी त्यांना जड झालो. रोज वाटतं.” कुसाबाई खुणा करत होती. तिची खूण आता वेडीवाकडी येत होती.

“यापेक्षा मेलेलं बरं, असे विचार येतात?”

भिमाजीने या वेळी बायकोकडे बघितलं नाही. “रोज,” तो म्हणाला. “सकाळी उठल्याबरोबर पयला तोच.”

पेन चौथ्या चौकटीवर गेलं आणि थांबलं. “अहो, मग बोलला का नाय?” ती रडत म्हणाली. “मी शेजारीच बसत होते की! दीड महिना शेजारी बसत होते.”

“पयल्या सोमवारी मी बघत होतो,” भिमाजी म्हणाला. “बाकीच्या ओळीवर तू थांबलीस, इचार केलास. या ओळीवर तुझा हात थांबलाच नाय. म्हटलं, हिला हे ऐकायचंच नाय. मग पुढच्या सोमवारी वाटलं, आता इचारशील. मग त्याच्या पुढच्या. नंतर वाटायचं थांबलं.”

कुसाबाईने खूण केली. चौथ्या चौकटीत, जवळपास रोज. जग बुडालं नाही, वीज पडली नाही, कुणी तथास्तु म्हणालं नाही. जे होतं ते आधीपासून होतंच, तिच्या लिहिण्यावाचून सहा आठवडे तिच्या उशाला निजत होतं. बाईंनी बेरीज केली. चोवीस. आले तेव्हापेक्षा दोन जास्त.

बाईंनी त्याच दिवशी भरती करून घ्यायचं ठरवलं. वरच्या मजल्यावर आठ खाटांची खोली होती, चोवीस तास माणूस असे. औषध बदलू, त्या म्हणाल्या, मग दुसऱ्या बाजूने यंत्र लावून पाहू.

“आता तरी गुण येईल ना?” कुसाबाईने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने उरलेल्या निम्म्यांचं विचारलं होतं.

“सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. “वेळेवर कळलं असतं तरी खात्री नव्हती. आता तर सहा आठवडे गेले, आणि त्यांचा विश्वासही गेलाय.”

उज्वलाला फोन झाला, ती रिक्षाने निघाली. वॉर्डातला माणूस खाली आला. त्याने भिमाजीची बाळी, पट्टा आणि कमरेचा करदोडा काढून घेतला आणि कागदाच्या पिशवीत घालून पिशवी कुसाबाईच्या हाती दिली. तेहतीस वर्षांत तिने त्याला करदोड्यावाचून पाहिलं नव्हतं. तिने पिशवी पेढ्याच्या खोक्यावर ठेवली. दोन्ही छातीशी धरून ती लिफ्टपर्यंत त्याच्या मागे गेली. आत यायची तिला परवानगी नव्हती. पहिली रात्र नातेवाईक नको, असा नियम होता.

लिफ्टचं दार उघडलं. भिमाजी आत शिरला आणि तिच्याकडे वळला.

“जातो,” तो म्हणाला.

‘येतो म्हणा’ हे दोन शब्द सवयीने तिच्या ओठांवर आले. तिने ते गिळले. त्याला माघारी बोलावलं नाही, पाणी पाजलं नाही, काही दुरुस्त केलं नाही.

“ऐकलं मी,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली की लिफ्टच हलली, हे तिला कळलं नाही. दार लागलं. दारापलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं, तरी ती कान देऊन तिथेच उभी राहिली. उज्वला आली तेव्हाही ती तशीच उभी होती.